पहिल्या मुठीचा पुरावा

अर्जदार पहिल्यांदा टेबलासमोर येऊन बसला की मी त्याला पाच कागद सांगत असे. ओळखीचा, धर्माचा, यंत्राच्या दरपत्रकाचा, जामीनदाराचा आणि जागेचा. एकेक बोट मिटत मी हे सांगत असे आणि जागेचा कागद नेमका करंगळीवर येई. अर्जदाराची नजर मात्र तोवर बोटांवरून निघून माझ्या कपाळावरच्या गंधावर स्थिरावलेली असे.

अल्पसंख्याक समाजांतील लहान उद्योजकांना शासन यंत्रासाठी आणि भांडवलासाठी जे साहाय्य देते, त्या कामाच्या जिल्हा कार्यालयात माझी नोकरी झाली. काही वर्षे साताऱ्यात, काही सांगलीत आणि शेवटची पुन्हा साताऱ्यात. मुसलमान, जैन, बौद्ध, ख्रिस्ती, शीख आणि पारशी असे सहा रकाने आमच्या मासिक तक्त्यात असत. पारशी अर्जदार सबंध नोकरीत एकही आला नाही. त्या रकान्यात दरमहा श्रद्धेने शून्य लिहिण्याचे काम मात्र मी कधी चुकवले नाही. अर्ज तपासणे, जागेवर जाऊन व्यवसाय पाहणे आणि अर्जावर शेरा लिहिणे, एवढेच माझे काम. शेरा म्हणजे तीन-चार ओळी. जिल्हा समितीने अर्जदाराला कधी पाहिलेले नसते, त्याचे दुकानही पाहिलेले नसते. ती फक्त त्या ओळी पाहते आणि त्यांवर निर्णय देते.

माझे बालपण कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत गेले. आठव्या वर्षापासून तेथे आम्हांला वेदपाठाची संथा मिळे. एक स्वर चुकला की गुरुजी बोलत नसत, नुसते बोट वर करीत, आणि सारे सूक्त पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागे. ज्याच्यावर असा संस्कार झाला त्याला अपुरा अर्ज पुढे पाठवणे हे पापच वाटणार. माझे शेरे नेटके असत, अक्षर चांगले असे, आणि त्याचा मला अभिमान होता. समितीचे एक अध्यक्ष म्हणाले होते, "तुमचा शेरा वाचला की जागेवर जाऊन आल्यासारखं वाटतं." हे वाक्य मी घरी जाऊन पत्नीला दोनदा ऐकवले होते.

मी त्या खुर्चीत बसलेला पाहून लोकांना नवल वाटे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कऱ्हाडचे एक शिकलगार एकदा दारातून आत आले, माझे गंध आणि शेंडी पाहिली, आणि आल्या पावली बाहेर जाऊन पुन्हा पाटी वाचू लागले. आमचा शिपाई कांबळे बाहेरच बसलेला असे. तो म्हणाला, "बोर्ड बरोबर हाय चाचा, जावा आत. सायेब दिसत्यात तसं न्हाईत."

तासगावचे अण्णा चौगुले हे जैन व्यापारी बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्रासाठी आले होते. धर्माच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थांबला. "साहेब, हे अल्पसंख्य वगैरे लिहायलाच पाहिजे का? आमच्या गल्लीत आम्हीच बहुसंख्य आहे."

"अण्णा, मग यंत्र गल्लीकडून घ्या."

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी सही केली. त्यांच्या शेडचा सात-बारा, नकाशा, वीजबिल, सारे चोख होते. यंत्र आले आणि आजही चालू आहे. माझ्या हातून जी चार कामे बरी झाली त्यांत ते एक. अण्णांचा उल्लेख येथेच करून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या शेडमध्ये मला पुन्हा जायचे आहे.

ज्या कामाविषयी हे लिहायला बसलो ते मात्र बरे झाले नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी माण तालुक्यातून शमशाद अत्तार नावाची एक बाई आली. वय चाळिशीच्या आसपास, डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. नवरा मुंबईला गोदीजवळ हमाली करतो, घरी थकलेले सासरे आहेत, हे तिने आधीच सांगून टाकले. मग पिशवीतून कागदाची एक पुडी काढून तिने टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"भंडारा हाय, सायेब. बिरोबाचा."

"मी अर्जदाराकडून काही घेत नसतो."

"तुमास्नी कुटं देतीया? तुमच्या घरच्या देवाला द्या. देव काय सरकारी नोकर हाय व्हय?"

कांबळे दाराआडून हसला. मी पुडी उघडली. चाळीस वर्षे पूजा करणाऱ्या माणसाला हळदीचा वास कळतो. बाजारातल्या पाकिटात बहुधा स्टार्च आणि रंग असतो. ही निखळ हळद होती, किंचित कडसर, ओल्या मातीसारख्या वासाची. मी ती पुडी खिशात ठेवली. नियम मोडण्याचा माझ्या नोकरीतला हा एकच प्रसंग असावा.

तिचा व्यवसाय तिने असा सांगितला. सांगलीच्या पेठेतून हळकुंडे आणायची, उन्हात वाळवायची, उखळात कुटायची, धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळायची. गावातला गिरणीवाला हळद दळून देत नाही, कारण मागून येणाऱ्याचे जोंधळ्याचे पीठ पिवळे होते आणि तो भांडायला उठतो. सासऱ्यांचे हात चालत होते तोवर दोघे मिळून कुटत, आता ती एकटी. शहरातून रंगाची पाकिटे बिरोबाच्या डोंगरावर येऊ लागली होती. दळायचे लहान यंत्र मिळाले तर ती त्यांच्यापुढे टिकू शकेल. न मिळाले तर हे काम तिच्या हातीच संपेल. तिला एवढेच हवे होते, आणि मला ते योग्य वाटले.

अर्ज तिने गावातच भरून आणला होता. त्याच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पिवळी बोटे उमटली होती.

"हा अर्ज समितीपुढे जाणार नाही. डाग पडले आहेत," मी म्हणालो. "कांबळे, कोरा फॉर्म द्या. बाई, बाहेर नळ आहे, हात धुऊन या."

"धुऊन जायाचं न्हाई त्ये, सायेब. लगीन होऊन आले तवापास्नं हाय."

शेवटी नवा अर्ज मीच लिहिला. सही करताना तिने पदराच्या टोकाने कागद धरला, म्हणजे बोट लागणार नाही. अर्ज स्वच्छ झाला याचे मला समाधान वाटले.

जागेच्या रकान्याशी येऊन मी विचारले, "व्यवसाय कुठे चालतो?"

"घरी कुटते, देवळात इकते. दीपमाळेखाली आमची शिळा हाय. यात्रंत पयली मूठ आमचीच असती."

कांबळे पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सायेब, घराचा उतारा लावू की. सासऱ्याच्या नावावर हाय. मशीन घरातच बसायचंय, देवळाचं कशाला काडायचं?"

कांबळ्याचे म्हणणे नियमात बसत होते. यंत्र बसण्याची जागा, एवढेच नियमाला हवे होते. पण बाईने जे खरे ते सांगितले होते आणि विक्रीची जागा वगळून लिहिलेला अर्ज मला अर्धवट म्हटलेल्या सूक्तासारखा वाटला. मी म्हणालो, "जे आहे ते पूर्ण लिहू. देवस्थानाकडून ना-हरकत दाखला मागवू. मग या बाईंच्या जागेला कायमचा कागद होईल." तिच्या हिताचेच करतो आहे, अशी माझी खात्री होती.

पंधरा दिवसांनी मी जागा पाहायला गेलो. दहिवडीच्या पुढे एसटी सोडून चढण चढावी लागते. उघडा माळ, मेंढरांच्या वाटा, आणि माथ्यावर धनगरांच्या बिरोबाचे ते ठाणे. गावाचे नाव येथे लिहीत नाही. दीपमाळेच्या पायथ्याशी एक चपटी शिळा होती. बाजूची फरसबंदी काळी, आणि ही एकच शिळा पिवळीधमक. नखाने खरवडली तरी आत पिवळी. तिच्यावर किती पिढ्यांची हळद सांडली असेल हे मला सांगता येणार नाही.

म्हाळूआबा तेथे बसले होते. देवाचे पुजारी आणि विश्वस्तांपैकी वयाने सर्वांत थोर. यात्रेची रीत त्यांनी मला सांगितली. पालखी उचलण्याआधी अत्तारांच्या टोपलीतली पहिली मूठ पुजाऱ्याच्या ओंजळीत पडते, ती देवावर उधळली जाते, 'चांगभलं' होते, आणि मगच बाकीच्यांचा भंडारा.

"आणि टोपली नसली तर?" मी विचारले.

"तर पालकी जागची हालत न्हाई. एका साली शमशादच्या सासऱ्याला, दस्तगीर अत्ताराला, ताप आलाता. दोन तास पालकी तशीच ठिवली. चौघांनी बाजंवर घालून आनला त्येला."

"हे कुठे लिहिलेले आहे का, आबा? एखादा जुना कागद, सनद?"

आबा दात नसलेल्या तोंडाने हसले. "आवं, कागुद कसला? माज्या आज्याच्या आज्यानं बी ह्येंच्याच हातनं मूठ घेतली. आमी कवा कुनाला कागुद मागितला न्हाई. तुमी शिकल्यालं लोक लय येगळं बगा."

मला त्या शिळेपुढे हात जोडावेसे वाटले आणि मी ते जोडले. मग कार्यालयात येऊन विश्वस्त मंडळाला पत्र लिहिले. त्यातले वाक्य मला आजही पाठ आहे: 'सदर जागेबाबत अर्जदाराकडे कोणताही लेखी हक्क आढळून येत नाही, सबब मंडळाने ना-हरकत दाखला द्यावा.' वाक्य सत्य होते आणि त्याची भाषाही शुद्ध होती.

उत्तर महिन्याने आले. मंडळाने सभा घेऊन ठराव केला होता. दीपमाळेभोवतीच्या सर्व जागा आता मंडळाच्या ताब्यात राहतील. विक्रीसाठी नव्याने अर्ज करावा. विक्रेता देवाचा भाविक असावा. दाखल्याविषयी एकच ओळ होती: 'आपल्याच पत्रात नमूद केल्याप्रमाणे अर्जदाराचा हक्क नसल्याने दाखला देता येत नाही.'

मी त्याच आठवड्यात डोंगरावर गेलो. मंडळाचे सचिव मुंबईत नोकरी करून गावी परतलेले गृहस्थ होते. त्यांना वाईट म्हणण्याचे पाप मी करणार नाही. त्यांनी डोंगरावर पाण्याची टाकी आणली होती आणि बायकांसाठी आडोसा बांधला होता. मला पाहताच ते वाकून पाया पडले.

"सर, तुमचे उपकार आहेत. तुमचं पत्र आलं म्हणून विषय निघाला. नाहीतर ही गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यातही आली नसती."

"मी दाखला मागितला होता. जागा काढून घ्या असे म्हटले नव्हते."

"पण हक्क नाही हे तुम्हीच लिहिलंय ना? सभेत वाचून दाखवलं. पोरं म्हणाली, एवढा शास्त्र शिकलेला माणूस लिहितो म्हणजे विचार करून लिहिलं असणार."

"परंपरा तर आहे. ती पुरावा नाही का?"

"सर, तुमच्या ऑफिसात परंपरेवर कर्ज मिळतं का?" त्यांनी हे टोचून विचारले नाही. त्यांना खरोखर माहिती हवी होती. मला "नाही" असेच उत्तर द्यावे लागले.

मी म्हाळूआबांकडे गेलो. त्यांना ठरावाची प्रत दाखवली. खाली सर्व विश्वस्तांच्या सह्या आणि त्यांत एक अंगठा होता.

"आबा, हा अंगठा तुमचा?"

"व्हय. तुमाला कागुद पायजे हुता न्हवं तिच्यासाटी? सचिव म्हनला, अत्तारांच्या जागंचा कागुद हाय, अंगटा द्या. म्या म्हनलं लय बेस झालं, सायबाचं काम झालं, आन् दिला."

मी त्यांना ठराव वाचून दाखवला, एकेक ओळ, अर्थासह. त्यांनी ठरावावरच्या आपल्या अंगठ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "सायेब, तुमी कागुद मागितला नसता तर काय अडलं असतं?"

 मी ठरावाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि उतरणीला लागलो.

शमशादबाई पुढच्या सोमवारी कार्यालयात आली. देवस्थानाच्या नव्या अर्जाची प्रत तिच्या हातात होती.

"सायेब, ह्ये भाविक असल्याचा दाखला कुटं मिळतोय? तहसीलला का तुमच्याकडंच?"

कांबळे मान खाली घालून बाहेर निघून गेला. धर्माचा कागद मीच तिच्याकडून सही करून घेतला होता. त्या कागदामुळे ती माझ्या कार्यालयात पात्र ठरत होती, आणि डोंगरावर नेमकी त्याच कारणाने अपात्र. मी तिला म्हणालो, "आपण घराचा उतारा लावू. यंत्राचे काम अजून होईल. कांबळे पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता."

"मशीन घिऊन करू काय, सायेब? दळल्यालं घालू कुनाच्या वंजळीत?"

"बाजारात विकता येईल."

"बाजारात हळद इकत्यात. भंडारा देवापुडं असतो." ती रागावलेली नव्हती. गिऱ्हाइकाला माल समजावून सांगावा तसे तिने मला सांगितले. मग उठताना म्हणाली, "तुमी वाईट म्हनून केलं न्हाई, त्ये ठावं हाय मला. सासरं इचारत्यात रोज, सायबाचा कागुद आला का म्हनून. त्येंना अजून सांगितलं न्हाई."

समितीपुढे तिचा अर्ज 'जागेचा पुरावा नाही' म्हणून ठेवला गेला आणि दप्तरी दाखल झाला. दप्तरी दाखल म्हणजे फाईल बांधून कपाटात ठेवणे. त्याही बैठकीत माझ्या शेऱ्याची प्रशंसा झाली.

त्यानंतरच्या चैत्रात मी यात्रेला गेलो. कुणी बोलावले नव्हते. दीपमाळेभोवती नवी गुळगुळीत फरशी बसवली होती आणि ती पिवळी शिळा कुठे दिसत नव्हती. एका गवंड्याला विचारले. तो म्हणाला, उचलून मागे भरावात टाकली, डाग निघत नव्हते. पालखीपुढे म्हाळूआबा उभे होते. त्यांनी सवयीने डावीकडे, शिळेच्या दिशेने, ओंजळ पसरली. दृष्टी अधू झालेली. तेथे कुणी नाही हे त्यांना उमगले नसावे, किंवा उमगले असेल. सचिवांनी घाईघाईने एक प्लास्टिकचे पाकीट फाडून त्यांच्या ओंजळीत रिकामे केले. आबांनी ओंजळ नाकाशी नेली, क्षणभर तशीच धरली, आणि मग देवावर उधळली. 'चांगभलं' झाले. पालखी उठली. दोन तास तर दूरच, ती दोन क्षणही थांबली नाही. मी इतकी वर्षे देवपूजा करतो आहे. पण पालखी त्या दिवशी जागची हलू नये, अशी प्रार्थना मी तेथे उभ्याने केली होती. ती ऐकली गेली नाही, याचा अर्थ मी अद्याप शोधतो आहे.

निवृत्तीनंतर मी सांगलीस राहायला आलो. गेल्या हंगामात अण्णा चौगुल्यांनी आग्रह करून शेडवर नेले. "तुमचं यंत्र बघून तरी जा," म्हणाले. यंत्र उत्तम चालले होते. यंत्रातून निघालेला बेदाणा पुन्हा हाताने निवडावा लागतो. त्यासाठी वीस-पंचवीस बाया ओळीने बसल्या होत्या. त्यांतली एक उठली आणि डोईवरचा पदर सारखा करीत पुढे आली. शमशादबाई होती. हंगामापुरती माणातून येते, बहिणीकडे राहते, असे तिने सांगितले. सासरे वारले होते. मी त्यांच्याविषयी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "कागदाची वाट बगतच गेलं."

"म्हाळूआबा?"

"हायत. माज्या घरावरनं जाताना दारात थांबत्यात. बोलत न्हाईत. वंजळ पुडं करत्यात. डब्यात हाय त्यातली चिमूट टाकते. आता लय उरली न्हाई."

अण्णा यंत्राजवळ कुणाशी बोलत होते. यंत्राची घरघर चालू होती. काहीतरी करता यावे म्हणून, आणि दुसरे काही येत नाही म्हणून, मी तिला पुन्हा तेच सांगितले. नवे अधिकारी चांगले आहेत. मी बरोबर येतो. घराचा उतारा लावू. नवा अर्ज मी स्वतः लिहितो.

तिने ऐकून घेतले. मग बेदाण्याची धूळ पदराला पुसून दोन्ही हात माझ्यापुढे उलटसुलट करून दाखवले. नखांच्या कडेलाही पिवळेपणा उरला नव्हता.

"लिवा की, सायेब," ती म्हणाली. "आता डाग पडायचा न्हाई."